राहिलेली शिटी

संजीवनीचं पत्र आलं तेव्हा वामनराव चोवीस वर्षांचे होते. त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि आता ते अठ्ठ्याहत्तरचे झाले.

पत्र म्हणजे निळं अंतर्देशीय, तिच्या गावच्या, वडनेर भोलजीच्या पोस्टाचा शिक्का असलेलं. मजकूर जेमतेम. 'वामनभाऊ, लोक म्हणतात मी सामना विकला. लोणारचे पाहुणे मला पाहून गेले, त्यांच्याही कानावर ते गेलं. तुम्ही पंच होते. माझा दम तुटला, की तुमची शिटी राहिली, एवढंच तुमच्या सहीनं लिहून पाठवा. दोन ओळी पुरे. लांबलचक नको.'

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम घातलं होतं. वामनरावांना काहीही थोडक्यात सांगता येत नाही, हे कबड्डीच्या सगळ्या संघाला माहीत होतं. तिला जरा जास्तच.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलंच नाही असं नाही. एक मसुदा पंचाच्या कर्तव्यापासून निघाला आणि दुसऱ्या पानावर न्याय म्हणजे काय इथवर जाऊन पोचला. दुसऱ्या मसुद्यात थंडीचं वर्णन इतकं जमून आलं की तो त्यांनी स्वतःसाठीच ठेवून दिला. कुठूनही सुरुवात केली तरी लिहिता लिहिता एक जागा यायची, जिथं शिटी का राहिली ते सांगणं भाग पडायचं, आणि तिथं पेन थांबायचा. पुढं कळलं की संजीवनीचं लग्न झालं, ती लोणारला नांदायला गेली. म्हणजे पाहुण्यांनी मनावर घेतलं नाही, आता उत्तराची गरज उरली नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला असं काहीबाही सांगणं त्यांना आयुष्यभर फार सोपं गेलं. भाड्याची घरं बदलता बदलता ते पत्र एका पेटीत वाळवीनं खाल्लं. मजकूर तेवढा पाठ राहिला.

यंदा दिवाळीनंतर हे सगळं पुन्हा वर आलं, ते करिष्माच्या सिनेमामुळं.

करिष्मा शालूबाईची नात, आणि शालूबाई त्या संघाची कप्तान. पोरगी पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकली आणि पहिलाच सिनेमा तिनं आजीच्या संघावर काढला. विनोदी, गाण्यांचा, जुन्या दिवसांचा. त्यासाठी ती वामनरावांकडंही येऊन गेली होती. त्यांना बोलणं जमेना, म्हणून त्यांनी तिच्या हातात वाचनालयाची जुनी स्मरणिका दिली. वाचनालयाच्या नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी तीत संघावर एक लेख लिहिला होता. "यात सगळं आहे," ते म्हणाले. सगळं नव्हतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

संघाची गोष्ट एकाहत्तर सालची. नांदुऱ्याला रुळांच्या कडेला रंगराव शेठचं जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, होतं. शेठला वेड दोन गोष्टींचं, कापूस आणि कबड्डी. आठ-नऊ तगडे गडी त्यांनी पगारी ठेवले होते. नाव जिनाच्या हजेरीवर, काम मैदानावर. त्या पावसाळ्याअखेर लढाईचे ढग जमले आणि संघ फुटला. फौजेतून सुटून आलेल्या दोघांना परत बोलावणं आलं, बाकीचे होमगार्डात भरती होऊन रेल्वेच्या पुलांवर पहाऱ्याला गेले. इकडं शेठनं जवानांच्या मदतीसाठी तिकीट लावून सामने जाहीर करून ठेवलेले. गावोगाव कागद चिकटले होते.

मग एका सकाळी शेठ वजनकाट्याच्या ओट्यावर उभे राहिले आणि कापूस निवडणाऱ्या बायांना म्हणाले, "तुमच्यातल्या कोन कोन लहानपनी हुतूतू खेळल्या?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शालू मात्र उभी राहिली. "शेठ, खेळल्या तं सगळ्याच. पन मजुरी कापसाची भेटन का हुतूतूची?"

"दोन्हीची."

"मंग मी आत्ताच खेळली, असं समजा."

तसा तो संघ झाला. शिंप्यानं बायांच्या चड्डीचं माप घ्यायला साफ नकार दिला, म्हणून गड्यांच्याच चड्ड्या नाड्या ओढून आवळल्या. इंद्रभानच्या ट्रकमधून संघ गावोगाव फिरू लागला. लोणारच्या पहिल्या सामन्याला माणसं आली ती निव्वळ खिदळायला. एक मिशीवाला फारच बोलू लागला तेव्हा शालूनं खेळ थांबवला, दोरीपाशी जाऊन त्याला हाक मारली, "ये बाप्पा, एक चढाई करून दाखव. आमी पाहुनचार करतो." गडी भरल्या मैदानात शर्ट काढून उतरला. पोरींनी त्याला असा दाबला की मध्यरेषेकडं जाण्याऐवजी तो आईच्या नावानं ओरडला. त्या दिवसानंतर खिदळणं थांबलं आणि तिकिटं संपू लागली.

वामनराव तेव्हा जिनाच्या काट्यावर कारकून. पंच ते झाले, कारण कबड्डीच्या नियमांचं पुस्तक सबंध जिनात त्यांनी एकट्यानं वाचलं होतं. मैदानावर कधी उतरलेले नव्हते. ट्रकमध्ये मागं बसून ते कादंबरी वाचायचे, मग पोरींच्या आग्रहानं मोठ्यानं वाचू लागले. बाकीच्या ऐकता ऐकता डुलक्या काढायच्या. संजीवनी मात्र गुडघ्यांवर हनुवटी टेकून जागी असायची. "मंग? पुढं? थांबा, मी सांगते, तो परत येत नाई." बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. वामनरावांना वाटायचं, पुस्तक संपू नये. पुस्तक संपत आलं की ते मुद्दाम हळू वाचायचे.

जिनाचं मैदान रुळांना लागून होतं आणि त्या हिवाळ्यात फौजी गाड्या एकामागून एक पूर्वेकडं जात होत्या. म्हणून शेठनं एक रीत घालून दिली. फौजी गाडी दिसली की पंचानं लांब शिटी मारायची. खेळ जिथल्या तिथं थांबायचा. ज्याच्या हातात जो पाय असेल तो तसाच धरून ठेवायचा, चढाई करणारीनं दम सोडायचा, आणि साऱ्या मैदानानं हात वर करून जवानांना जयहिंद म्हणायचं. शेवटचा डबा गेला की पंचाची आखूड शिटी, आणि खेळ त्याच जागेवरून पुढं. एकदा शालू एकीच्या कमरेला मिठी मारून दुसऱ्या हातानं गाडीला हात हलवत होती, आणि जिच्या कमरेला मिठी होती तीही हात हलवत होती. डब्यांच्या दारांत बसलेले जवान हसून हसून वाकले होते.

शेवटचा सामना याच मैदानावर, अकोल्याकडच्या संघाशी. लढाई प्रत्यक्ष सुरू झालेली होती. उन्हं कलली होती, एका गुणाचा फरक आणि संजीवनीची चढाई. तिनं दोघींना शिवलं. तिसरीनं तिचा घोटा पकडला. संजीवनी पडली, आणि पोटावर सरकत, दम न सोडता, मध्यरेषेकडं निघाली. वामनराव तिच्या बाजूनं वाकून चालत होते. शिटी दातांत होती. तिच्या कपाळाला माती लागली होती, केस सुटले होते आणि तोंडातून 'कबड्डी कबड्डी' असं एका सुरात, जणू विहिरीतून, येत होतं. तेव्हा इंजिन ओरडलं. लोक उभे राहिले. संजीवनीनं मान वर केली, रुळांकडं हात उंचावला आणि मोठ्यानं "जयहिंद" म्हणाली. रेषा तिच्या बोटांपासून वीतभर दूर होती.

वामनरावांनी शिटी मारलेली नव्हती. गाडी त्यांना दिसलीच नव्हती. ते तिच्याकडं बघत होते.

"दम तुटला!" अकोल्याची कप्तान ओरडली. "शिटी कुठं झाली? शिटी नाई, खेळ चालूच हाये! बाद द्या, बाद द्या!" दोरीपलीकडून त्यांची माणसं आत घुसली. नियमानं ते खरंच होतं. शिटी नाही तर खेळ थांबलेला नाही, आणि दम तुटला तर चढाई करणारी बाद. चूक पंचाची, असं म्हणायला एकच वाक्य लागत होतं. वामनराव घाबरले. त्यांनी शिटी मारली, ती सबंध गाडी जाईपर्यंत मारलेली एकुलती एक शिटी, आणि हात बाहेर दाखवून संजीवनीला बाद दिलं.

संजीवनी उठून बसली. तिनं आधी रुळांकडं, मग त्यांच्याकडं पाहिलं.

सामना गेला. गावात वावडी उठली की पोरीनं सामना विकला. नाहीतर इतकी तरबेज पोरगी रेषेपाशी येऊन दम सोडते कशी? मार्चात पहाऱ्यावरचे गडी परत आले आणि बाया कापसावर परत गेल्या. संजीवनी तेवढी गेली नाही.

चौतीस-पस्तीस वर्षांनी स्मरणिकेत लिहिताना ती एक जागा पुन्हा आली. वामनरावांनी तिथं लिहिलं, 'आणि ऐन मोक्याच्या क्षणी संजीवनीचा दम तुटला.' वाक्य कानाला गोड लागलं. खोटं आहे असंही म्हणता येत नव्हतं. नियमानं दम तुटलाच होता.

सिनेमाचा पहिला खेळ नांदुऱ्यातच ठेवला होता, संध्याकाळी, मंगल कार्यालयात. जिन कधीच मोडलं. त्याच जागेवर, मैदान होतं नेमकं तिथं, हे कार्यालय उभं राहिलं आहे. मागच्या भिंतीपलीकडून गाड्या अजून जातात. करिष्मानं दोन माणसं पाठवून वामनरावांना आणवलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. शेजारच्या खुर्चीत शालूबाई. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

सिनेमा चांगला होता. वामनरावांना ते मान्य करावंच लागलं. शिंप्याचा प्रसंग आला, मिशीवाला आला, लोक खुर्च्यांवर थापा मारून हसले. शालूबाई दर पाच मिनिटांनी मोठ्यानं दुरुस्त्या करत होती. "मी इतकी काळी नव्हती व करिष्मा!" पडद्यावरचा पंच चष्मा लावलेला, धांदरट, पुस्तक उलटं धरणारा होता. लोक त्यालाही हसले आणि वामनरावही हसले. त्यांना ते योग्य वाटलं. फौजी गाडी आली, पोरी एकमेकींचे पाय धरून हात हलवू लागल्या, तेव्हा हॉलमधली लहान मुलं उठून हात हलवू लागली.

मग शेवटचा सामना. पडद्यावरची संजीवनी पोटावर सरकत होती. गाडी आली. दारात एक देखणा जवान. संजीवनीनं त्याला पाहिलं, पापण्या फडफडवल्या, दम विसरली, आणि जवानानं डोळा मारला. हॉल नुसता कोसळला. मागून कुणीतरी शिट्टी घातली. "गेली बे, पोट्टी गेली!"

वामनराव हसले नाहीत. शालूबाईही हसली नाही. ती अंधारात त्यांच्याकडं बघत होती, हे त्यांना न बघता कळत होतं.

दिवे लागल्यावर सत्कार झाला. शाल, नारळ. करिष्मानं माईक त्यांच्या हातात दिला. "आबा, दोन शब्द."

दोन शब्द. वामनराव उभे राहिले. का कोण जाणे, पण त्या संध्याकाळी त्यांनी खरंच सुरुवात केली. "सिनेमा छान आहे," ते म्हणाले. "फक्त ती शेवटची चढाई. त्या दिवशी, म्हणजे, गाडी आली तेव्हा शिटी..."

आणि भिंतीपलीकडून गाडीचा भोंगा वाजला. मालगाडी असावी, लांबलचक. कुणी पोरगं ओरडलं, "आबा, शिटी झाली! खेळ थांबवा!" सगळा हॉल हसत हसत उभा राहिला. भिंतीकडं तोंड करून लोकांनी हात हलवले, "जयहिंद, जयहिंद!" गाडी जाईपर्यंत तो गोंधळ चालला. गाडी गेल्यावर लोक टाळ्या वाजवत वामनरावांकडं वळले, पुढचं ऐकायला.

"एवढंच," वामनराव म्हणाले आणि बसले.

बाहेर चहा होता. शालूबाईनं खुर्ची ओढून घेतली आणि त्यांना हातानं खुणावलं. "बसा इथं. काऊन हो वामनभाऊ, शिटीचं काय सांगून राह्यले होते तुमी?"

"काही नाही. गाडी आली मधेच."

"गाडी तं तेव्हाबी आलती." तिनं चहा बशीत ओतला. "मी त्या दिवशी मध्यरेषेच्या अलीकडं उभी होती. माये कान तेव्हा चांगले होते. शिटी झाली नाई, मले माहीत हाये. काऊन झाली नाई ते तुमचं तुमाले ठाऊक. मी कोनाले बोलली नाई. म्हटलं, पंच शिकलेला मानूस हाये, आज ना उद्या बोलन. तुमी तं पुस्तकातबी बोलले नाई. अन् आता माया नातीनं फौजीकडून तिले डोया मारवून घेतला."

"करिष्माची चूक नाही. मी लिहिलं तसं तिनं दाखवलं."

"तेच तं म्हनून राह्यली मी."

वामनरावांनी विचारलं, "कशी आहे ती?"

"कोन? नाव तं घ्या."

"संजीवनी."

"हाये. दिवाळीले फोन करतो आमी दोघी. नवरा गेला दोन साल झाले. मानूस चांगला होता, पन सासूनं जन्मभर ऐकवलं. भाकर करपली तरी, 'हिचा दम तं अर्ध्यातच तुटते.' तिनं दोन पोरी वाढवल्या, एकीले मैदानावर जाऊ देलं नाई. आता नात खेळते शाळेत. नातीनं मोबाइलवर सिनेमाच्या जाहिरातीचा तुकडा पाह्यला, तोच, डोया माराचा, अन् आजीले विचारलं, 'आजी, तू फौजीपायी सामना घालवला?'" शालूबाईनं बशी खाली ठेवली. "त्या रोजी तिचा फोन आला. सिनेमाचं काही बोलली नाई. एवढंच विचारलं, 'वामनभाऊ हायेत का अजून?' म्या म्हटलं, हायेत. तं म्हने, 'मंग राहू दे.'"

"राहू दे, म्हणजे?"

"तुमी वाचनारे. तुमीच लावा अर्थ." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पुढच्या आठवड्यात लोणारले खेळ हाये सिनेमाचा. तिच्या गल्लीतले समदे जाईन. पत्ता पाह्यजे का नको?"

वामनरावांनी खिशातून पेन काढला. कागद नव्हता. त्यांनी सत्काराच्या पाकिटावर पत्ता लिहून घेतला.

सकाळी आंघोळ करून ते टेबलाशी बसले. 'सौ. संजीवनीताईंस' असं लिहिलं, मग आठवलं, सौ. कसं लिहायचं; कागद फाडला. दुसऱ्या कागदावर 'आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला याबद्दल' एवढं लिहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विलंब! तिसऱ्यात ते मैदान, ती कललेली उन्हं, इंजिनाचा धूर असं सगळं सुरेख येत गेलं आणि लेखणी त्याच जुन्या जागी येऊन उभी राहिली. शिटी राहिली, कारण.

कारण लिहायचं तर लिहावं लागलं असतं की मी तुमच्याकडं बघत होतो. मातीनं भरलेल्या तुमच्या कपाळाकडं. चोविसाव्या वर्षी हे लिहायची हिंमत नव्हती, कारण तिचं लग्न ठरत होतं. पन्नासाव्या वर्षी नव्हती, कारण घरात बायको होती, भली बाई होती. आता बायको नाही, संजीवनीचा नवरा नाही, आणि आता तर ते हास्यास्पद दिसलं असतं, करिष्माच्या पडद्यावर शोभावं असं.

त्यांनी पेन ठेवला आणि पाठ असलेलं पत्र मनात पुन्हा म्हटलं. हजारदा म्हटलेलं. 'माझा दम तुटला, की तुमची शिटी राहिली, एवढंच तुमच्या सहीनं लिहून पाठवा.'

एवढंच.

तिनं 'का' विचारलंच नव्हतं. दोनांतलं कोणतं, एवढंच विचारलं होतं. का राहिली हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. तो त्यांनी तिच्या तोंडी घातला, आणि त्याचं उत्तर देववत नाही म्हणून तिच्या प्रश्नाचंही दिलं नाही. स्वतःचं एक गुपित जपायला त्यांनी तिचा सबंध जन्म वापरला होता. ते गुपित तर कुणी मागितलंही नव्हतं. बाहेर भाजीवाली ओरडून गेली. वामनरावांना उठून मेथी घ्यायची होती, तीही राहिली.

मग त्यांनी कोरा कागद घेतला.

'शिटी माझी राहिली. तुमचा दम तुटला नव्हता.'

खाली सही केली. वाचून पाहिलं. काही जोडावंसं फार वाटलं, निदान क्षमेचा एक शब्द. पण तिनं दोन ओळी मागितल्या होत्या.

पोस्टाच्या वाटेवर शालूबाईचं घर लागतं. दारात करिष्मा पडद्याच्या नळ्या गाडीत भरत होती. "आबा! काल तुमी एवढंच काऊन बोलले? लोक वाट पाहून राह्यले होते."

वामनरावांनी कागद तिच्यापुढं धरला. तिनं वाचला. एकदा, मग परत.

"हे... हे खरं हाये?"

"हो."

"पन तुमच्या लेखात तं..."

"लेखात मी माझी बाजू धरली."

करिष्मा पायरीवर बसली. "आबा, मी त्या बाईवर लोक हसवले. काल साऱ्यात जास्त त्याच सीनले हसले. मी किती खुश होती त्या सीनवर." तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा शालूसारखा नव्हता, पण राग तसाच होता. "मी इथं येऊन तुमाले तीनदा विचारलं होतं, आबा. तीनदा. शेवटी काय झालं, सांगा म्हटलं."

"विचारलं होतंस."

"आता सिनेमा झाला ना! लोणारचा खेळ ठरला. सीन कापीन मी, पन ज्यायनं पाह्यला त्यायच्या डोक्यातून कसा काढू?" मग ती हळू बोलली, "हा कागद दाखवू का मी, सिनेमा संपल्यावर? पडद्यावर?"

वामनरावांना डोळ्यापुढं दिसलं. भरलेला हॉल, सगळ्या माना वळलेल्या, आपली सही हातभर मोठी. नको, असं तोंडावर आलं होतं.

"आधी तिला पोचू दे," ते म्हणाले. "मग तिलाच विचार. पत्र तिचं आहे. ती हो म्हणाली तर दाखव. मला विचारू नको."

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या तरुणानं पाकीट हातात घेऊन उलटं सुलटं केलं. "स्पीड पोस्ट करू ना आबा? साधं टाकसान तं कधी पोचन सांगता येत नाई."

"स्पीडनंच कर."

"लोणारच तं हाये. फोनच करून टाकाचा न! दोन मिनिटाचं काम."

"तिनं सही मागितली होती," वामनराव म्हणाले.

त्याला ते कळलं नाही, त्यानं मान डोलावली. "पाठवनाऱ्याचं नाव राह्यलं बरं का इथं. लिहा."

वामनरावांनी पाकीट परत घेतलं. डाव्या कोपऱ्यात नाव लिहिलं. नांदुरा, जिल्हा बुलढाणा. मग नावाच्या खाली, बारीक अक्षरांत आणखी एक शब्द लिहिला. पंच.

तरुणानं पाकीट वजनावर ठेवलं, पावती फाडून दिली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.